अकराव्या रकान्यातलं 'नाही'

निवृत्त झाल्यावर माणसाला काय काय व्हावं लागेल याचा नेम नाही. मी सामान्य व्यक्ती झाले. हा माझा विनय नव्हे. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात, मीटिंगच्या लांबलचक टेबलावर माझ्यासमोर तशी पाटीच असायची. बाकीच्यांच्या पाट्यांवर अध्यक्ष, सदस्य-सचिव, विधी सल्लागार. माझ्या पाटीवर 'सामान्य व्यक्ती'. पहिल्या दिवशी मी ती घरी आणून लेकाला दाखवणार होते, पण ती टेबलाला चिकटवलेली होती.

या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, बऱ्यापैकी नावाजलेल्या. तिथं जे संशोधन चालतं त्यानं माणसांना, जनावरांना, शेतीला काही अपाय तर होणार नाही ना, आणि त्यातून जे हाती येईल ते कुणी वाईट कामाला तर वापरणार नाही ना, हे बघायला एक समिती असते. त्या समितीत विज्ञानातलं ओ की ठो न कळणारं एक बाहेरचं माणूस असावं असा नियम आहे. मी कॉलेजजवळच्या पोस्टात पोस्टमास्तर होते. सदस्य-सचिवांची पार्सलं वर्षानुवर्षं माझ्या काउंटरवरून गेली आणि एकदाही भांडण झालं नाही, एवढ्या पुण्याईवर माझी निवड झाली. मला वाटलं, चला, शहाण्या माणसांत बसायला मिळेल.

शहाणी माणसं शनिवारी अकराला जमायची. अकरा वाजून पाच मिनिटांनी माझ्या हातात इतिवृत्त यायचं. म्हणजे मीटिंगमध्ये काय झालं त्याचा टाइप केलेला, मुद्देसूद अहवाल. 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा चर्चा सखोल व्हायची तर राहोच, पंखासुद्धा कुणी लावला नव्हता. मी तसं म्हटल्यावर सदस्य-सचिव हसून म्हणाले, "मॅडम, वेळ वाचतो." वाचलेला वेळ कुठं जायचा तेही लवकरच कळलं. साडेअकराला दोन गाड्या काढून सगळे मिसळ खायला जायचे. कुठली मिसळ, यावर मात्र खरोखर सखोल चर्चा व्हायची. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, चांगले केस पिकलेले गृहस्थ. काळ्या रश्श्याची की लाल, मळ्यातली की गावातली, या विषयात त्यांचा अभ्यास इतका दांडगा होता की त्यावर त्यांना दुसरी पीएचडी द्यायला माझी हरकत नव्हती. विधी सल्लागार फोनवर बोलता बोलताच सही करायचे आणि फोन ठेवल्यावर म्हणायचे, "कायद्याच्या दृष्टीनं काही अडचण नाही." कशात अडचण नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

प्रत्येक अर्जाला बारा रकाने. अकरावा रकाना असा होता: 'या संशोधनातून मिळणारी माहिती, पदार्थ किंवा जीव यांचा कोणी जाणूनबुजून गैरवापर करू शकेल काय? असल्यास खबरदारीची योजना जोडावी.' मी दोन वर्षांत जेवढे अर्ज पाहिले तेवढ्या सगळ्यांत तिथं 'नाही' होतं. काहींनी हातानं लिहिलेलं, बहुतेकांनी आधीच्या अर्जावरून उतरवलेलं. उतरवायचं तरी डोळे उघडे ठेवून! एका माशांवरच्या अर्जात 'उंदरांना वेदना होणार नाहीत' असं छापून आलं होतं. मी ते दाखवलं तर अध्यक्ष म्हणाले, "बरोबरच आहे की. उंदरांना नाहीच होणार."

मी ते 'नाही' ओळखत होते. पोस्टात पार्सल घेताना आम्ही विचारतो, "आत काय आहे?" माणूस म्हणतो, "कपडे." आम्ही लिहितो कपडे. मी तीस वर्षं तो प्रश्न विचारला आणि तीस वर्षं महाराष्ट्रातली माणसं एकमेकांना कपडेच पाठवत होती. एकदा येवल्याला निघालेल्या कपड्यांतून तेल गळायला लागलं, तेव्हा आत कैरीच्या लोणच्याची बरणी निघाली. तो गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही विचारता म्हणून सांगतो हो आम्ही." अकराव्या रकान्याचंही तेच होतं. ते विचारायचे म्हणून हे सांगायचे. आणि मी सही करायचे. उगाच स्वतःला धुतल्या तांदळासारखं दाखवण्यात अर्थ नाही, मिसळ मीही खाल्ली आहे.

मग त्या मुलीचा अर्ज आला.

ती दिंडोरी तालुक्यातल्या एका गावची, घरची द्राक्षबाग असलेली, पीएचडी करणारी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. तिचा विषय होता डाऊनी. द्राक्षाच्या पानावर पडणारी ही बुरशी, पुस्तकात तिला केवडा म्हणतात. छाटणीनंतर कोवळी फूट निघाली आणि दोन दिवस ढगाळ राहिलं की ती पडते. पानावर तेलाचे डाग, मग मागच्या बाजूला पांढरी लव, आणि वेळेत फवारा बसला नाही तर घड जागेवर संपतो. पण फवारे खाऊन खाऊन ती बुरशीही निर्ढावत चालली आहे. कुठल्या बागेतली डाऊनी कुठल्या औषधाला दाद देत नाही, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी बागाबागांतून ती पानं आणणार, डब्यांत जिवंत पानांवर ती बुरशी वाढवणार, एकेक औषध मारून बघणार. शेवटी तिच्या फ्रीजमध्ये काय उरणार? कुठल्याही औषधानं न मरणारी डाऊनी, आणि ती का मरत नाही याची वही.

अकराव्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'होय.' आणि चार पानं जोडली होती.

ती चार पानं मी घरी नेऊन वाचली. सामान्य व्यक्तीला कळेल असं त्या दोन वर्षांत कुणी पहिल्यांदाच लिहिलं होतं. तिनं लिहिलं होतं की यासाठी कुणी अतिरेकी लागत नाही. ज्याला आपलं नवीन औषध खपवायचं आहे असा एखादा विक्रेता पुरेसा आहे. किंवा बांधाला बांध लागून असलेला भाऊबंद. आमच्या जिल्ह्यात उभ्या बागेतल्या वेली कोयत्यानं बुडापासून तोडून ठेवल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. सकाळी मालक बागेत जातो तर वरची पानं अजून हिरवी आणि खाली खोड तुटलेलं. पोलीस 'अज्ञात इसम' लिहितात, आणि तो अज्ञात इसम कोण ते गावात सगळ्यांना माहीत असतं. तिनं लिहिलं होतं, कोयत्यानं एका रात्रीत एक बाग तुटते, हा डबा बाहेर गेला तर तालुका जाईल, आणि तोडणाऱ्याच्या हाताला घट्टाही पडणार नाही. म्हणून तिला हवं होतं: वेगळा फ्रीज, त्याला कुलूप, किल्ल्या दोघांकडेच, उघडणाऱ्याची वहीत सही, काम झालेली पानं वाफेवर मारूनच बाहेर टाकायची, आणि निकाल छापण्याआधी त्यातलं काय उघड करायचं यावर समितीशी बोलायचं. शेवटचं वाक्य वाचून मला तिची कीव आली. तिला समिती माहीत नव्हती.

मीटिंगमध्ये तिला बोलावलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काय लिहिलंय?"

"सर, प्रश्न विचारलाय म्हणून उत्तर लिहिलं."

"अगं, प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. म्हणून असं लिहायचं? उद्या हे माहितीच्या अधिकारात कुणी मागितलं तर? द्राक्षवाले मोर्चा घेऊन येतील इथं."

"माझे वडीलच द्राक्षवाले आहेत सर," ती म्हणाली. "मला तीच भीती आहे. मोर्चाची नाही, डाऊनीची."

विधी सल्लागारांनी फोन कानापासून लांब धरला आणि म्हणाले, "एकदा 'होय' लिहिलं की जबाबदारी येते. 'नाही' लिहिलं की कायद्याच्या दृष्टीनं काही अडचण नाही." त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच दोन वाक्यं बोलताना ऐकलं. सदस्य-सचिव तिच्याकडे प्रेमानं बघून म्हणाले, "बेटा, दुरुस्त करून आण. आपल्याकडे कोण करणार आहे असलं काही? नाशिक आहे हे."

नाशिक आहे हे! जणू इथल्या माणसांना पाप करायला त्र्यंबकेश्वरहून परवानगी आणावी लागते. मला इतका संताप आला की मी म्हटलं, तिचं उत्तर आहे तसंच राहील, आणि ते पुसलंत तर माझी सही मिळणार नाही. बाहेरच्या माणसाच्या सहीशिवाय अर्ज मंजूर होत नाही, हाही नियमच. त्या दिवशी मी मिसळीला गेले नाही. पंचवटीत घरी येईपर्यंत रिक्षात मी मनातल्या मनात त्या तिघांना जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

पुढचे तीन आठवडे माझे फार मजेत गेले, हे कबूल करायला हवं. शिपाईकाका दोनदा फाईल घेऊन घरी आले, मी दोनदा चहा पाजून परत पाठवले. सदस्य-सचिवांचा फोन आला, मी घेतला नाही. तीस वर्षं शिक्के मारलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा शिक्का न मारायची चटक लागली होती. शेजारणीला, भावाला, भाजीवाल्याला, सगळ्यांना मी सांगत सुटले की बघा, मी एकटी बाई त्यांना कशी पुरून उरलेय.

मग एका दुपारी ती मुलगी आली. हातात घरच्या बेदाण्याची पिशवी. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, सही करा."

मी म्हटलं, "अगं, मी तुझ्याच बाजूनं भांडतेय."

"माहितीये. पण तुम्ही त्यांच्याशी भांडताय आणि वर्ष माझं जातंय." ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. "ऑक्टोबर छाटणी सुरू होतेय. छाटणीनंतरची फूट निघाली की पंधरा-वीस दिवसांत मला पानं गोळा करायला लागतील. ते दिवस गेले की परत पुढच्या वर्षी. माझी फेलोशिप पुढच्या वर्षीपर्यंत नाहीये."

फाईल तिनंच आणली होती. मी अकरावा रकाना उघडला. 'नाही.' खाली, 'खबरदारीची योजना: लागू नाही.' चार पानं गेली होती. टाचणीची भोकं तेवढी कोपऱ्यात दिसत होती.

"आणि कुलूप?" मी विचारलं.

"मी माझं लावेन."

"खोटं लिहिताना काही वाटलं नाही का तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "वाटलं ना. पण खरं लिहिल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंच."

तिचं करिअर माझ्या ताठ्यापेक्षा मोठं, असं मी स्वतःला सांगितलं आणि सही केली. मग चहा केला. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि मी तो घेतला. याची मला आजही लाज वाटते.

डिसेंबरातल्या मीटिंगला मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले आणि तिची प्रयोगशाळा बघितली. फ्रीज एकच, सगळ्यांचा. वरच्या फळीवर चहाच्या दुधाची पिशवी, अर्धं कापलेलं लिंबू, कुणाची तरी साबुदाण्याची खिचडी. खालच्या दोन फळ्यांवर तिचे डबे, प्रत्येकावर गावाचं नाव आणि औषधांची यादी, आणि फळीवर मार्करनं लिहिलेलं: 'कृपया हात लावू नये.' कुलूप नव्हतं. तिनं स्वतःचं कुलूप आणलं होतं, साखळीसकट. दुसऱ्या दिवशी दूध कुणाला मिळेना म्हणून तक्रार गेली आणि सदस्य-सचिवांनी ते काढायला लावलं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक शेतकरी आत आला. विंचूरच्या बाजूचा, पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात कापडाच्या पिशवीत पानं. दारावर कुणी अडवलं नव्हतं.

"ताई, बघा की ही. काय बी मारा, हिला फरकच नाय पडत. लय वैताग आलाय."

ती पानं बघायला खिडकीपाशी गेली. तो इकडंतिकडं बघत फ्रीजपाशी आला, उघडला, वाकून डब्यांवरची नावं वाचली. बिचाऱ्याला फ्रीज म्हणजे फ्रीजच. त्यानं एक डबा उचलला.

"ही तर आमच्या शेजारच्या गावची हाय. एवढा डबा नेऊ का ताई? आमच्या औषधवाल्याला दावतो. म्हनावं, ह्याच्यावर चालंल असं काय तरी दे."

तो डबा त्यानं पिशवीत ठेवलासुद्धा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला आपली बाग वाचवायची होती. ती मुलगी तीन ढांगांत आली, पिशवीत हात घालून डबा काढून घेतला, म्हणाली, "काका, हे नाही न्यायचं." तो ओशाळून म्हणाला, "चुकलं ताई, लिवलेलं नव्हतं काय." लिहिलेलं होतं, फळीवर, दुधाच्या पिशवीच्या सावलीत.

माझ्या सहीनं काय झालं होतं ते मला तिथं त्या फ्रीजसमोर कळलं. 'नाही' हे नुसतं खोटं उत्तर नव्हतं. त्या एका शब्दानं वेगळा फ्रीज गेला, कुलूप गेलं, वही गेली.

मीटिंगमध्ये मी घडलेलं सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. मी म्हटलं, पत्रिकेवर नाही पण फ्रीजमध्ये आहे, निदान एक कुलूप बसवा. तेव्हा सदस्य-सचिव म्हणाले,

"मॅडम, आपण 'नाही' म्हणून मंजुरी दिलीय. आता कुलूप लावलं तर उद्या तपासणीला आलेले विचारतील, गैरवापर होणारच नाही तर कुलूप कशाला? आपलेच कागद आपल्यावर उलटतील."

विधी सल्लागारांनी मान डोलावली. अशी अक्कल पैसे देऊनही मिळत नाही. घराला आग लागू शकत नाही असं एकदा लिहून दिल्यामुळे पाण्याची बादली ठेवायची नाही, असा तो न्याय. मी बरंच काही बोलले. इतिवृत्तात त्याचं 'उपयुक्त सूचना करण्यात आल्या' एवढं झालं. ते इतिवृत्त मात्र त्यांना मीटिंगनंतर पुन्हा टाइप करावं लागलं, तेवढाच माझा विजय.

डबा बाहेर गेला नाही. तिचं काम नशिबानं नीट पार पडलं. पुढच्या वर्षी तिला तिथंच नोकरी लागली, आणि नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरून घ्यायचं काम तिच्याकडे आलं. सदस्य-सचिव कौतुकानं म्हणाले, "हिचा अर्ज सगळ्यांना नमुना म्हणून देतो आम्ही."

त्या वर्षीच्या पहिल्या मीटिंगला एक नवी मुलगी आली, बावीस-तेवीसची. तिचा विषय कांद्यावरच्या कुठल्याशा जंतूचा. फाईल फिरत माझ्यापर्यंत आली. वर तिघांच्या सह्या झालेल्या, गाड्यांच्या किल्ल्या टेबलावर काढून ठेवलेल्या. मी सही केली आणि मग सवयीनं, किंवा जुनी खाज म्हणा, विचारलं, "याचा कुणी गैरवापर करू शकेल का गं?"

"नाही मॅडम," ती लगेच म्हणाली. तोच सूर. कपडे.

"विचार केलास?"

ती गोंधळली आणि मागं भिंतीशी टेबल टाकून बसलेल्या माझ्या द्राक्षवाल्या मुलीकडे बघायला लागली. माझ्या मुलीनं कागदांतून मान वर केली नाही.

सगळे मिसळीला निघाले तेव्हा मी द्राक्षवालीला दारात गाठलं. म्हटलं, "निदान तू तरी तिला खरं सांगायचंस."

"सांगितलं ना मावशी," ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तिनं आधी 'होय'च लिहिलं होतं, दोन पानं जोडली होती. मी तिला म्हटलं, काढून टाक. तुझं वर्ष जाईल. तीन जण ऐकणार नाहीत आणि चौथ्या मावशी आहेत, त्या तीन आठवडे भांडतील. मग त्याही सही करतील."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ती दोन पानं कुठं आहेत, असं मी तिला विचारलं. तिनं आपल्या टेबलाखालची टोपली दाखवली. मी वाकून ती काढली, चुरगळलेली होती, गुडघ्यावर ठेवून सरळ केली आणि तिथंच उभ्यानं वाचली. कांद्यातलं मला फारसं कळत नाही. पण सामान्य व्यक्तीला कळेल असं लिहिलं होतं.

फाईल टेबलावर उघडीच होती, आणि माझी सही त्या 'नाही'च्या खाली आधीच झालेली होती.